पाळीव बेडूक अन्न सोडतो तेव्हा

कुत्रा आजारी पडला की कण्हतो, मांजर कोपऱ्यात जाऊन बसते, पोपट पिसे फुगवतो. बेडूक यातले काहीच करत नाही. तो निरोगी असतानाही दिवसभर एका जागी स्वस्थ बसतो आणि आजारी असतानाही तसाच बसतो. त्यामुळे काचपेटीत सोडलेले रातकिडे सकाळी जसेच्या तसे फिरताना दिसले, तर ती घरच्यांना मिळालेली पहिली आणि पुष्कळदा एकमेव सूचना असते. ती वेळेवर वाचता आली, तर बेडूक वाचण्याची शक्यता बरीच वाढते.

ऑस्ट्रेलियात घरोघरी पाळल्या जाणाऱ्या हिरव्या वृक्षमंडूकाच्या बाबतीत हा प्रश्न वारंवार उद्भवतो. लिटोरिया सेरुलिया या शास्त्रीय नावाने दीर्घकाळ ओळखला गेलेला हा बेडूक उत्तर व पूर्व ऑस्ट्रेलियात आणि न्यू गिनी बेटावर आढळतो. पहिल्या वसाहती ताफ्याबरोबर गेलेले शल्यचिकित्सक जॉन व्हाइट यांनी १७९० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. 'सेरुलिया' म्हणजे निळा. बेडूक हिरवा असूनही हे नाव पडले, कारण जतन करण्याच्या द्रावणात त्याच्या कातडीतील पिवळे रंगद्रव्य नाहीसे होऊन तो निळा दिसू लागला असावा, असे मानले जाते. सुमारे दहा सेंटिमीटर लांबीचा, शांत स्वभावाचा आणि माणसाच्या वावराला सरावणारा हा प्राणी पाळीव अवस्थेत पंधरा-वीस वर्षे जगू शकतो. अमेरिका, युरोप व जपानमधील हौशी मंडळीही तो पाळतात. न्यू साउथ वेल्समध्ये मात्र तो बाळगण्यासाठी सरकारी परवाना लागतो आणि रानातला बेडूक पकडून घरी ठेवता येत नाही.

उपवास नेहमीच आजाराचा नसतो

बेडूक हा परिसराच्या तापमानावर अवलंबून असणारा प्राणी आहे. शरीर उबदार ठेवण्यासाठी त्याला अन्न जाळावे लागत नाही. म्हणूनच त्याची भूक सस्तन प्राण्यांच्या तुलनेत फार कमी असते. पूर्ण वाढ झालेल्या वृक्षमंडूकाला आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी तीन ते पाच मोठे रातकिडे एवढा आहार पुरतो. लहान पिलांना मात्र जवळजवळ रोज खाऊ घालावे लागते.

नव्या घरी आणल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे बेडूक काही खात नाही, असे अनेकदा घडते. थंडीच्या दिवसांत त्याची हालचाल आणि भूक दोन्ही मंदावतात. कात टाकण्याच्या वेळी तो तोंड वासून अंग वळवतो आणि निघालेली कात स्वतःच गिळतो. त्या दिवशी त्याला किड्यांत रस नसतो. प्रजननाच्या काळातही नराचे लक्ष खाण्याकडे कमी असते. शिवाय हा निशाचर प्राणी आहे. भर दुपारी समोर टाकलेले अन्न त्याने नाकारले, तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. अन्न दिवे मंद झाल्यावर, संध्याकाळीच द्यावे.

तेव्हा प्रश्न केवळ 'किती दिवस खाल्ले नाही' हा नसतो. त्याचे वजन टिकून आहे का, हा खरा प्रश्न असतो. धष्टपुष्ट प्रौढ बेडूक दोन आठवडे उपाशी राहूनही वजन राखू शकतो. उलट, पिलाच्या बाबतीत चार-पाच दिवसही धोक्याचे ठरतात. स्वयंपाकघरातील ग्रॅम दाखविणारा इलेक्ट्रॉनिक काटा येथे सर्वांत उपयोगी पडतो. हलक्या प्लास्टिकच्या डब्यात बेडूक ठेवून दर आठवड्याला वजनाची नोंद करावी. नेहमीच्या वजनात सुमारे दहा टक्के घट झाली, तर वाट पाहण्यात अर्थ नाही.

काटा नसेल तर शरीराकडे पाहावे. हिरव्या वृक्षमंडूकाच्या डोळ्यांच्या वर व कानाच्या पडद्यावर चरबीची वळी असते. ती नाहीशी झाली, पाठीचा कणा व कंबरेची हाडे कातडीखालून उठून दिसू लागली, मांड्या बारीक झाल्या, तर बेडूक खंगत चालला आहे. वळी इतकी वाढली की डोळे झाकले जाऊ लागले, तर तो लठ्ठ आहे. अशा बेडकाने काही दिवस अन्न टाळले, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र या जातीत अतिपोषणामुळे डोळ्याच्या बुबुळावर चरबीचे थर साचण्याचा विकार आढळतो. नजर अधू झालेल्या बेडकाला भक्ष्य दिसत नाही आणि तो खाण्याचे सोडून देतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

पहिला संशय काचपेटीवर

बेडूक जेवत नाही याचे कारण बहुतेक वेळा त्याच्या पोटात नसते, त्याच्या घरात असते. म्हणून औषधाचा विचार करण्याआधी काचपेटी तपासावी.

तापमान हा पहिला मुद्दा. या जातीला दिवसा २४ ते २९ अंश सेल्सिअस आणि रात्री त्याहून काही अंश कमी तापमान मानवते. पेटीचा एक भाग उबदार व दुसरा तुलनेने थंड असावा, म्हणजे बेडूक आपली जागा स्वतः निवडतो. पेटी थंड असेल तर पचन थांबते. पोटातले अन्न तसेच राहून सडते आणि बेडूक पुढचा घास घेत नाही. अंदाजाने चालू नये. उष्णतामापक बेडूक जिथे बसतो त्या उंचीवर लावावा.

दुसरा मुद्दा पाण्याचा. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या बाजूची पातळ कातडी पाणी शोषून घेते. याच कातडीतून तो काही प्रमाणात श्वसनही करतो. साहजिकच पाण्यात जे असेल ते थेट त्याच्या रक्तात जाते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन चोवीस तास उघड्या भांड्यात ठेवल्यास उडून जाते. परंतु अनेक शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात व ते असे उडत नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे पाणी-शुद्धीकरणाचे द्रावण लागते. भांड्यातले पाणी रोज बदलावे, कारण बेडूक त्यातच मलमूत्र विसर्जन करतो आणि साचलेला अमोनिया त्याला विषासारखा बाधतो. ऊर्ध्वपातित पाण्यात बेडकाला बसवू नये. त्यात क्षार नसल्याने शरीरातील क्षारांचे संतुलन बिघडू शकते.

तिसरा मुद्दा हवेचा व स्पर्शाचा. खोलीत मारलेली कीटकनाशकाची फवारणी, डासांच्या उदबत्तीचा धूर, काच पुसण्याचे रसायन, हातावरचा साबण किंवा मलम यांतले काहीही बेडकाला अपाय करू शकते. नुकतीच घराची रंगरंगोटी झाली असेल किंवा ढेकूण-झुरळांचा बंदोबस्त करून घेतला असेल, तर तो तपशील पशुवैद्याला आवर्जून सांगावा.

चौथा मुद्दा सोबत्यांचा. एकाच पेटीत मोठा व लहान बेडूक ठेवल्यास लहान बेडूक दबून राहतो आणि खात नाही. कधी मोठा त्यालाच गिळतो. न खाल्लेले रातकिडेही रात्रभर पेटीत ठेवू नयेत. भुकेले रातकिडे निपचित बेडकाची कातडी कुरतडतात.

जीभ, हाड आणि खडे

घर निर्दोष असूनही बेडूक खात नसेल, तर त्याचे खाणे कोठे अडते ते पाहावे. बेडकाची खाण्याची रीत मजेशीर आहे. तो जिभेच्या चिकटपणाने भक्ष्य पकडतो आणि गिळताना डोळे मिटून बुबुळे आत ओढतो. आत आलेली बुबुळे घास घशाकडे ढकलतात. या साखळीतील एक कडी तुटली, तरी उपासमार सुरू होते.

बेडूक किड्यावर झेप घेतो, जीभ टाकतो, पण किडा चिकटत नाही, असे वारंवार दिसले तर जीवनसत्त्व 'अ'च्या कमतरतेची शंका येते. या कमतरतेमुळे जिभेवरील चिकट स्राव निर्माण करणाऱ्या ग्रंथींचे अस्तर बदलते आणि स्राव आटतो. अशा बेडकाला भूक असते, तो प्रयत्नही करतो, परंतु त्याच्या जिभेला काही लागत नाही. पाहणाऱ्याला मात्र 'हा खात नाही' एवढेच दिसते. केवळ रातकिड्यांवर वाढविलेल्या बेडकांत हा दोष अधिक आढळतो. उपचार पशुवैद्याच्या सल्ल्यानेच करावा, कारण जीवनसत्त्व 'अ' अति झाले तरी अपाय होतो.

जबडा मऊ पडणे, पाय थरथरणे, पाठ वाकडी होणे ही कॅल्शियम व जीवनसत्त्व 'ड'च्या अभावाची लक्षणे आहेत. रातकिड्यांत कॅल्शियम फारच कमी असते. म्हणून किडे देण्याआधी त्यांवर कॅल्शियमची भुकटी भुरभुरण्याची पद्धत आहे. जबड्याची हाडे मऊ झालेला बेडूक घास दाबून धरू शकत नाही.

पोट फुगलेले आहे, अनेक दिवस मलविसर्जन झालेले नाही आणि पेटीच्या तळाशी बारीक खडे वा सालींचे तुकडे अंथरलेले आहेत, असे दिसले तर खडा गिळल्याची शक्यता असते. बेडूक किड्याबरोबर जे जिभेला लागेल ते गिळतो. क्ष-किरण तपासणीत खडा दिसतो. कधी तो आपोआप बाहेर पडतो, कधी शस्त्रक्रिया करावी लागते. आतड्यांतील जंतांमुळेही भूक मरते. त्यासाठी ताज्या मलाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करतात.

कातडीचा रोग

अन्न सोडलेल्या बेडकाच्या बाबतीत सर्वांत गंभीर शक्यता म्हणजे कायट्रिड बुरशी. १९९९ मध्ये शास्त्रज्ञांनी या बुरशीचे बॅट्रॅकोकायट्रियम डेन्ड्रोबॅटिडिस असे नामकरण केले. ती बेडकाच्या कातडीत वाढते. कातडीतून होणारी क्षारांची देवाणघेवाण त्यामुळे कोलमडते, रक्तातील सोडियम व पोटॅशियमचे प्रमाण घसरते आणि अखेर हृदय बंद पडते, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. ते संशोधन याच हिरव्या वृक्षमंडूकावर झाले होते.

भूक जाणे, भर दिवसा उघड्यावर बसून राहणे, वरचेवर कात निघणे, पोट व मांड्यांवर लाली येणे, मागचे पाय पसरून बसणे आणि उताणे केल्यास सुलटे होता न येणे ही या रोगाची लक्षणे होत. शेवटचे लक्षण दिसले, तर हाताशी वेळ फार थोडा असतो. पोट व मांड्यांची लाली 'लाल पाय' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिवाणूसंसर्गातही दिसते. नुसत्या डोळ्यांनी दोन्ही रोग वेगळे करता येत नाहीत. कातडीवर कापसाचा बोळा फिरवून घेतलेल्या नमुन्याची पीसीआर चाचणी केल्यावर बुरशीचे निदान पक्के होते. निदान लवकर झाले, तर बुरशीनाशक औषधाच्या सौम्य द्रावणात रोज काही मिनिटे बेडकाला ठेवून उपचार करता येतो. द्रावणाची तीव्रता पशुवैद्यच ठरवितात, कारण प्रमाण चुकल्यास औषधच जीव घेते.

या बुरशीने जगभरात केलेला संहार मोठा आहे. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार उभयचरांच्या किमान ५०१ जातींची संख्या तिच्यामुळे घटली आणि त्यांतील ९० जाती नामशेष झाल्याचे मानले जाते. २०२१ च्या हिवाळ्यात पूर्व ऑस्ट्रेलियात बेडूक मोठ्या संख्येने मरू लागले. सिडनीत टाळेबंदी असल्याने शास्त्रज्ञांना बाहेर पडता येत नव्हते. ऑस्ट्रेलियन म्युझियमच्या जोडी रोली यांनी नागरिकांना आवाहन केले आणि लोकांनी घराच्या अंगणात, पायरीवर आढळलेल्या मृत बेडकांची माहिती कळविण्यास सुरुवात केली. त्यांत हिरव्या वृक्षमंडूकाच्या नोंदी लक्षणीय होत्या. तपासलेल्या अनेक बेडकांत कायट्रिड आढळली, तथापि सर्व मृत्यूंचा उलगडा तेवढ्याने झाला नाही.

ही बुरशी १७ ते २५ अंशांच्या गारव्यात जोमाने वाढते आणि तिशीकडे तापमान गेले की तिची वाढ खुंटते. याचा उपयोग करून सिडनीच्या मॅक्वायरी विद्यापीठातील अँथनी वॉडल व सहकाऱ्यांनी काळ्या रंगाच्या भोके असलेल्या विटा लहान हरितगृहांत रचून बेडकांसाठी उबदार निवारे तयार केले. हिरव्या-सोनेरी बेल जातीचे संसर्गग्रस्त बेडूक तेथे आपणहून जाऊन बसतात व बरे होतात, असे २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसून आले. मात्र यावरून घरी आजारी बेडकाला दिव्याखाली तापवण्याचा प्रयोग करू नये. त्या निवाऱ्यांत बेडूक हवे तेव्हा बाहेर पडू शकतो. बंद पेटीत तो कोरडा पडून मरतो.

पशुवैद्याकडे नेईपर्यंत

आजारी बेडकाला इतरांपासून ताबडतोब वेगळे करावे. झाकणाला छिद्रे असलेला साधा प्लास्टिकचा डबा, तळाशी क्लोरीनविरहित पाण्यात भिजविलेला बिनरंगी टिपकागद आणि आडोशाला एखादे स्वच्छ प्लास्टिकचे भांडे, एवढी व्यवस्था पुरे. टिपकागद रोज बदलावा. त्यावर पडलेला मल स्वच्छ डबीत घेऊन थंड ठेवावा. तपासणीसाठी तो उपयोगी पडतो.

डोळे खोल गेले असतील, कातडी सुरकुतली असेल, तर शरीरातील पाणी कमी झाले आहे. खोलीच्या तापमानाच्या उथळ पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बेडकाला बसवावे. पाणी हनुवटीच्या खालीच राहिले पाहिजे. अशक्त बेडूक चार बोटे पाण्यातही बुडतो. या वेळी त्याला एकटे सोडू नये. हाताळताना भुकटी नसलेले हातमोजे ओले करून घालावेत.

जबरदस्तीने तोंड उघडून अन्न कोंबणे हा घरोघरी होणारा घातक उपाय आहे. जबड्याची हाडे नाजूक असल्याने ती मोडतात. शिवाय गारठलेल्या व पाणी कमी झालेल्या शरीरात अन्न पचत नाही. आधी ऊब, मग पाणी आणि त्यानंतर अन्न असा क्रम असावा. बेडूक थोडा सावध दिसू लागला, तर चिमट्यात धरलेले गांडूळ किंवा मऊ अळी त्याच्यासमोर हळूच हलवावी. बेडकाला हालचाल दिसते, निश्चल अन्न तो ओळखत नाही. भक्ष्य त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा रुंद नसावे. तरीही खाल्ले नाही, तर पशुवैद्य मांसाहारी प्राण्यांसाठीचे पातळ पोषक अन्न बारीक नळीने पोटात सोडू शकतात.

माणसांची औषधे, हळद, मीठ किंवा तेल असे काहीही कातडीला लावू नये. वर सांगितल्याप्रमाणे त्याची कातडी सर्व काही शोषून घेते.

पशुवैद्याकडे जाताना बेडकाबरोबर माहितीही न्यावी: शेवटचे कधी खाल्ले, काय खाल्ले, वजन किती होते व आहे, पेटीचे तापमान, पाण्याचा स्रोत, नवा प्राणी वा नवे झाड कधी आणले. पेटीचे छायाचित्र असल्यास उत्तम. सर्वच पशुवैद्य उभयचरांवर उपचार करत नाहीत. म्हणून तसे पशुवैद्य कोठे आहेत, ही चौकशी बेडूक निरोगी असतानाच करून ठेवणे शहाणपणाचे.

घरातील माणसांसाठी

बेडकाच्या अंगावर व पाण्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. अमेरिकेत २००८ ते २०११ या काळात पाळीव आफ्रिकन खुज्या बेडकांमुळे या संसर्गाची मोठी साथ पसरली होती व तीत बाधितांत लहान मुलांचे प्रमाण मोठे होते. बेडूक, पेटी वा पाणी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. पेटीचे पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नये. पाच वर्षांखालील मुलांना बेडूक हाताळू देऊ नये.

प्रयत्न करूनही बेडूक दगावला, तर त्याला फ्रीजमध्ये गार ठेवावे, गोठवू नये. गोठविल्यास ऊती फाटतात आणि मृत्यूचे कारण शोधणे अवघड होते. घरात दुसरे बेडूक असतील, तर हे कारण कळणे फार महत्त्वाचे असते. बरा होण्याची आशा संपली व यातना दिसत असल्या, तर वेदनारहित मरण देण्याचे काम पशुवैद्यावरच सोपवावे. जिवंत बेडकाला शीतकपाटात ठेवणे हा त्याचा मार्ग नव्हे.

'निदान रानात तरी जगेल' या भावनेने आजारी बेडूक ओढ्याकाठी सोडून देणारे कमी नाहीत. हा सर्वांत मोठा अपराध होय. तो बेडूक तर वाचत नाहीच, उलट त्याचा रोग ओढ्यातल्या इतर बेडकांना मिळतो. पेटीतील माती, झाडे व पाणीही निर्जंतुक केल्याविना बाहेर टाकू नये. ही चिंता ऑस्ट्रेलियापुरती नाही. उत्तर पश्चिम घाटातील दुर्मिळ बेडकांतही कायट्रिडचा संसर्ग असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुण्यातील संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासात नोंदले गेले. पावसाळ्यात अंगणात येणारा बेडूक मुलांच्या हौशीखातर बरणीत ठेवण्याची सवय म्हणूनच सोडलेली बरी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काही बेडकांना संरक्षणही दिले आहे.

थोडक्यात

* प्रौढ बेडकाने आठवडाभर खाल्ले नाही, पण वजन टिकून आहे: तापमान, पाणी व आर्द्रता तपासावी, त्याला त्रास न देता निरीक्षण करावे.
* दोन आठवडे खाल्ले नाही किंवा वजन दहा टक्क्यांनी घटले: पशुवैद्याला दाखवावे.
* पिलाने चार-पाच दिवस खाल्ले नाही: पशुवैद्याला दाखवावे.
* झेप घेतो, पण किडा जिभेला चिकटत नाही: जीभ, डोळे व जीवनसत्त्वांची तपासणी करून घ्यावी.
* पोट फुगले, मल नाही: खडा अडकल्याची शंका, क्ष-किरण तपासणी आवश्यक.
* पोट वा मांड्या लाल, वरचेवर कात, उताणा केल्यास सुलटा होत नाही: त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यावे, इतर बेडकांपासून दूर ठेवावे.